दात्यांचा हिशोब

"मागचं सगळ्यांत मोठं चक्र किती दात्यांचं आहे गं तुझं?"

सायकल हातात धरून मी चढ चालत चढत होते, तेव्हा एका काकांनी मला हे विचारलं. सत्तरीच्या आसपासचे, बारीक चणीचे. त्यांचा वेग माझ्या चालण्याइतकाच होता, पण ते सीटवर बसून होते, पाय भराभर फिरत होते आणि बोलताना दम लागत नव्हता. मला उत्तर देता आलं नाही. चेन ज्या चक्रांवरून फिरते त्यांचे दाते मोजायचे असतात हेच मला माहीत नव्हतं.

"घरी गेलीस की मोज," ते म्हणाले. "पाय चांगले आहेत तुझे. गिअर चुकीचे आहेत." आणि ते तसेच संथपणे वळणापलीकडे गेले.

ही माझी पहिली मोठी सामूहिक राइड. ४० किलोमीटर, काही हजार सायकली, रस्ता सकाळभर गाड्यांसाठी बंद. शर्यत नव्हती. नंबर मिळतो, पदक सगळ्यांना मिळतं, वेळेची नोंद झाली तरी क्रमांक कोणी लावत नाही. आयुष्यात एकदा तरी प्रत्येकाने अशी राइड करावी असं मला मनापासून वाटतं. रोज हॉर्न ऐकत कडेकडेने चालवायच्या त्याच रस्त्यावर हजारो चेनचा एकत्र आवाज येतो. बारीक, सतत, पाऊस सुरू व्हायच्या आधी झाडांत सळसळ होते तसा. त्या आवाजासाठी मी आजही पहाटे चारला उठून जाते.

पण त्या सकाळी मी दोन गोष्टी भीतीतून शिकले. पहिली, गर्दीत पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक कधी नेऊ नये. माझ्यासमोरच एक मुलगी तशी अर्धं चाक आत घेऊन चालवत होती. पुढच्याने खड्डा टाळायला वीतभर डावीकडे घेतलं. दोन टायर एकमेकांना नुसते चाटून गेले. पुढच्याला कळलंही नाही, तो सरळ निघून गेला. मागची मात्र क्षणात आडवी झाली, कारण पुढचं चाक अडलं की तोल सावरायला काहीच उरत नाही. तिचं कोपर खरचटण्यावर निभावलं. हेल्मेटला मागे चीर गेली होती आणि बाकी काही दिसत नसलं तरी ते हेल्मेट आता बदलायचं, हे तिला तिथल्या स्वयंसेवकाने सांगितलं. त्याने बरोबर सांगितलं. आतला फोम एकदाच दाबला जाण्यासाठी असतो.

दुसरी गोष्ट पाण्याच्या टेबलाची. सगळ्यात जास्त गडबड तिथे होते. पाणी दिसलं की लोक जागेवर ब्रेक मारतात आणि मागचे त्यांच्या अंगावर येतात. टेबलं रांगेने मांडलेली असतात, पण सगळे पहिल्याच टेबलावर गर्दी करतात. शेवटच्या टेबलापर्यंत जावं, हात वर करून थांबतोय हे दाखवावं, कडेला यावं आणि मग उतरावं. एवढं सगळ्यांनी पाळलं तरी निम्म्या पडापडी टळतील.

तर तो चढ. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास होता, दीड किलोमीटर लांब, साधारण आठ टक्क्यांचा. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की आठ मीटर वर. मी तो अर्धाच चढले. मांड्या पेटल्या म्हणून उतरले नव्हते. उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली कोणी तरी अंगठा दाबून धरल्यासारखं दुखायला लागलं होतं.

घरी आल्यावर आंघोळही न करता मी खाली बसले आणि दाते मोजले. एका दात्याला खडूने खूण केली आणि पेडल हाताने फिरवत मोजत गेले. पुढे पेडलपाशी दोन चेनरिंग, म्हणजे दात्यांची मोठी चक्रं, ५३ आणि ३९. मागच्या चाकाला अकरा चक्रांचा गठ्ठा, म्हणजे कॅसेट, सगळ्यांत लहान ११ दात्यांचं, सगळ्यांत मोठं २५चं. सायकल मी वापरलेली घेतली होती, शर्यतीत उतरणाऱ्या एका मुलाकडून. वजनाला हलकी, दिसायला सुंदर, आणि माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीच्या माणसासाठी जुळवलेली.

हिशोब अगदी सोपा आहे, तो मी इथे लिहिते, कारण मला तो कोणी आधी सांगितला असता तर माझं गुडघ्याचं वर्ष वाचलं असतं. पुढचे दाते भागिले मागचे दाते. ३९ भागिले २५ म्हणजे १.५६. पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक तेवढे फेरे घेतं. रोड सायकलच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. म्हणजे माझ्या सगळ्यांत हलक्या गिअरमध्येसुद्धा एका फेऱ्यात सायकल सव्वातीन मीटर पुढे जायची. आता माझ्यासारखी साठ किलोची बाई, वर सायकल, पाणी, सामान मिळून पंधरा किलो धरा. आठ टक्के चढावर ताशी आठ किलोमीटरने जायला साधारण १४० वॉट लागतात. तेवढे मी अर्धा तास देऊ शकते. पण त्या वेगाला माझे पाय मिनिटाला जेमतेम ४० फेरे मारत होते. एकेक फेरा म्हणजे जड दगड ढकलणं. पाय गोल फिरत ठेवायचे, मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्यांच्या खाली जायचं नाही असं ठरवलं, तर त्याच गिअरमध्ये वेग ताशी बारा ते चौदा करावा लागतो आणि मग दोनशे वॉटच्या वर जावं लागतं. तेवढी माझी ताकद नाही. म्हणजे एकतर ताकद कमी पडणार, नाहीतर गुडघा जाणार. मधला रस्ता त्या सायकलवर नव्हताच.

आकडे कागदावर मांडले तेव्हा मला रडू आलं. वर्षभर मी स्वतःला कच्ची समजत होते.

दुसऱ्या टोकाचाही हिशोब केला. ५३ आणि ११ या जोडीवर मिनिटाला ९० फेरे मारले तर वेग होतो ताशी साधारण साडेचोपन्न किलोमीटर. सपाटीवर मी कधी ३५ पाहिलेले नाहीत. सायकलच्या एका टोकाला मला कधीच न लागणारे गिअर होते आणि ज्या टोकाला लागत होते तिथे काहीच नव्हतं.

मेकॅनिककडे सायकल घेऊन गेले. "दादा, याला हलके गिअर बसतील का?" त्याने पेडलच्या मागे वाकून पाहिलं, बोल्ट मोजले आणि म्हणाला, "चार बोल्टचा क्रँक आहे ताई, नशीब आहे तुमचं." क्रँक म्हणजे पेडलचा दांडा, चेनरिंग त्यालाच बोल्टने बसतात. जुन्या पाच बोल्टच्या रेसिंग क्रँकवर ३८पेक्षा लहान चेनरिंग सहसा बसत नाही, मग अख्खा क्रँक बदलावा लागतो. माझ्या क्रँकवर ५० आणि ३४ची जोडी तशीच बसली. मागे ११ ते ३४ची कॅसेट घेतली. पण मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, आखूड पिंजऱ्याचा होता, तो २८च्या पुढचं चक्र घ्यायला तयार नसतो आणि एवढी सैल चेनही ओढून धरू शकत नाही. तो बदलून लांब पिंजऱ्याचा घेतला. चेन नवी आणि थोडी लांब. माझ्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, नव्या कॅसेटच्या मागे एक पातळ रिंगही घालावी लागली. पुढची मोठी चेनरिंग तीन दात्यांनी लहान झाली म्हणून पुढचा डिरेलरही खाली सरकवला. मोठ्या चेनरिंगचे दाते आणि डिरेलरची पट्टी यांत एक ते तीन मिलिमीटरच अंतर हवं, नाहीतर चेन वर चढायला कुरकुर करते. मी स्टुलावर बसून सगळं पाहत होते. त्याने मध्येच पाना माझ्या हातात दिला. "शेवटचा बोल्ट तुम्ही आवळा. रस्त्यावर तुम्हालाच आवळायचाय."

कॅसेट बदलताना काय जातं आणि काय येतं ते मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. जुन्यात ११, १२, १३, १४, १५, १६, १७, १९, २१, २३, २५. नव्यात १२, १४ आणि १६ गेले, २७, ३० आणि ३४ आले. तीन गेले, तीन आले, बाकीचे आठ जसेच्या तसे. जाणारे तिन्ही वेगाच्या टोकाचे. मागून वारा असेल आणि ग्रुप जोरात असेल तेव्हा १५ जड आणि १७ हलका वाटतो, मधल्या १६ची आठवण येते. असं महिन्यातून एकदा होतं. ३४ मला दर रविवारी लागतो. ज्याला सपाट रस्त्यावर वेगाच्या ग्रुपमध्येच चालवायचं आहे त्याने जवळजवळच्या दात्यांची कॅसेट जरूर ठेवावी. चढ असेल तिथे मात्र मोठं चक्र घ्यावं आणि त्यात कमीपणा मानू नये.

हा कमीपणाचा विचार जुना आहे. फ्रान्समध्ये सेंत-एतिएन इथे पॉल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ होते, १८५३ ते १९३० हा त्यांचा काळ. व्हेलोसियो या नावाने ते लिहीत. सायकलला एकाहून जास्त गिअर असावेत म्हणून त्यांनी आयुष्यभर प्रयोग केले आणि लेखणी झिजवली. उलट टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे खेळाडूच्या ताकदीशी लबाडी वाटायची. त्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. तोवर स्पर्धक मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वेगळ्या दात्यांची चक्रं लावायचे आणि चढ आला की उतरून, चाक काढून, उलटं करून बसवायचे. हे वाचलं तेव्हा त्या चढावरचे काका मला आठवले. ते कुठल्या बाजूचे हे सांगायला नको.

नव्या गिअरने पहिल्यांदा त्याच चढावर गेले ती सकाळ मी विसरणार नाही. ३४ला ३४, म्हणजे एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा, दोन मीटरच्या किंचित वर. वेग पूर्वीइतकाच, ताशी आठ. पाय मात्र मिनिटाला ६३ फेरे मारत होते. कष्ट तेवढेच होते, वॉट तेवढेच होते, फक्त ते दीडपट फेऱ्यांत वाटले गेले होते. मी न उतरता वर पोहोचले आणि कठड्याला सायकल टेकवून बराच वेळ नुसती उभी राहिले.

गुडघा मात्र पूर्ण थांबला नव्हता. चाळीसऐवजी साठाव्या किलोमीटरला दुखायचा. मग सीटकडे पाहिलं.

सीट खाली ठेवायची सवय आपल्याला लहानपणीच लागते. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, म्हणून. रोड सायकलवर थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं असतं, बसल्या जागी पाय टेकायचे नसतात, हे मला उशिरा कळलं. मोजायची एक साधी पद्धत आहे. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये सीटसारखं घट्ट वर दाबायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्यायचं. त्याला ०.८८३ने गुणलं की क्रँक ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची येते. माझं अंतर ७६ सेंटिमीटर, म्हणजे उंची ६७ हवी. होती साडेचौसष्ट. हा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, सुरुवात करायला बरा. सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असेल तर मागून दुखतो आणि कंबर सीटवर डावी-उजवीकडे डोलायला लागते. मी एकदम वर केली नाही. दर आठवड्याला पाच मिलिमीटर. पाचव्या आठवड्यात गुडघा गप्प झाला, तो आजतागायत.

सीटची रुंदी ही वेगळी गोष्ट आणि बायकांनी त्याबद्दल मोकळेपणाने बोललं पाहिजे. आपण बसतो ती दोन हाडं किती अंतरावर आहेत त्यावर सीट ठरते. मऊ, जाड, गादीसारखी सीट दुकानात बरी वाटते. दोन तासांनी हाडं तिच्यात रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. मला शेवटी मध्ये खाच असलेली, कडक पण रुंद सीट मानवली. शॉर्ट्स पॅडच्या, आणि आत दुसरं काही घालायचं नाही. शिवणी घासून जखमा होतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारायला लाजले होते. दोन आठवडे सायकल बंद ठेवावी लागली होती.

टायरचं असं झालं की, त्यावर बाजूला '१२० पीएसआयपर्यंत' असं लिहिलेलं होतं (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) म्हणून मी १२० भरत होते. ती कमाल मर्यादा असते, भरायचा आकडा नसतो. दगडासारखं टायर खडबडीत रस्त्यावर प्रत्येक खड्याला उडतं आणि तो धक्का हातांना, पाठीला बसतो. त्यात ताकदही वाया जाते. २३ मिलिमीटरची टायर काढून २८ची लावून पाहिली, ती ब्रेकच्या कमानीला घासायला लागली. २५वर थांबले. आता पुढे ७५, मागे ८० भरते, मागे वजन जास्त असतं म्हणून थोडं जास्त. करंगळी आणि अनामिकेला यायच्या मुंग्या यानेच निम्म्या कमी झाल्या. उरलेल्या गेल्या हात हँडलवर बदलत राहिल्याने. तळव्याच्या त्या कडेने जाणारी नस एकाच जागी दाबली जात होती.

क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे बूट मी तिसऱ्या वर्षी घेतले. ते नसल्याने काही अडलं नव्हतं.

शनिवारी पहाटेच्या ग्रुपमध्ये जायला लागले ते या सगळ्यानंतर. दुसऱ्याच्या मागे चालवणं हे वेगळंच शिक्षण आहे. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे २०वरून २५वर गेलं की हवेसाठीचा खर्च जवळजवळ दुप्पट. पुढच्याच्या आडोशाला राहिलं तर साधारण पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. म्हणून सगळे आळीपाळीने पुढे येतात. मी सुरुवातीला पुढे आले की उत्साहाने वेग वाढवायचे, त्यामुळे मागची रांग तुटायची. ग्रुपमधल्या एका ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुढे आलीस की वेग तोच ठेव, फक्त वारा तुझ्या वाट्याला येऊ दे." पुढच्याच्या चाकाकडे टक लावायची नाही, त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहायचं. खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा आणि ओरडायचं. अचानक ब्रेक नाही. सीटवरून उभं राहताना सायकल क्षणभर मागे येते, म्हणून आधी एक पेडल जोरात मारून मग उठायचं. यातलं प्रत्येक वाक्य कोणाच्या तरी पडण्यातून आलेलं आहे.

एकटीने पहिले शंभर किलोमीटर केले त्या दिवशी ऐंशीव्या किलोमीटरला माझ्यातला दिवा विझला. दमणं वेगळं आणि हे वेगळं. पाय दुखत नव्हते. रस्त्याच्या कडेच्या मैलाच्या दगडावरचा आकडा मला वाचता येत होता, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. हात थंड पडले, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी सावलीत बसून विचार करत राहिले की मी इथे का आले आहे. शरीरात साठवलेली साखर दीड-दोन हजार कॅलरींच्या आसपास असते, ती मी साडेचार तासांत जवळपास संपवली होती आणि वर फक्त पाणी पीत होते. अशा वेळी नुसतं पाणी ढोसत राहणं उलट धोक्याचं, रक्तातलं मीठ पातळ होतं. तेव्हापासून तासाला चाळीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं आणि बाटलीत मीठ-साखर, पहिल्या तासापासून. भूक लागायच्या आधी खा, हेही त्या व्हेलोसियोंनी सांगून ठेवलेलं आहे. मी घड्याळाला दर वीस मिनिटांचा गजर लावते.

मग २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांबची राइड. पॅरिसच्या ओडॅक्स क्लब पारिसिएन या संस्थेच्या नियमांनी जगभर या राइड होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला २०, ४००ला २७, ६००ला ४०. त्यापुढे पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस, १२०० किलोमीटर नव्वद तासांत. हिची सुरुवात १८९१ साली शर्यत म्हणून झाली आणि आता ती चार वर्षांतून एकदा हौशी लोकांसाठी होते. क्रमांक इथेही नाही. खिशात एक कार्ड, ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेत शिक्का. दोन शिक्क्यांच्या मधे कोणाची गाडी मागे नाही, जे काही बिघडेल ते आपलं आपण दुरुस्त करायचं. मला ही कल्पना फार आवडते. सामूहिक राइडमध्ये आपल्याला सगळे सांभाळतात. इथे आपण काय शिकलो ते आपल्यालाच दिसतं.

सकाळी सहाला निघाले. एकशे दहाव्या किलोमीटरला मागचं टायर बसलं. ट्यूब बदलली, हवा भरली, तीन किलोमीटरवर पुन्हा बसलं. उन्हात रस्त्याच्या कडेला बसून मी स्वतःला सावकाश व्हायला सांगितलं. ट्यूब थोडी फुगवून ओठांजवळ फिरवली, गार हवा लागली तिथे भोक सापडलं. टायर लावताना त्यावरचं नाव मी नेहमी वाल्वसमोर ठेवते. त्यामुळे ट्यूबवरचं भोक वाल्वपासून किती अंतरावर आहे ते पाहिलं की टायरवर नेमकं कुठे शोधायचं ते कळतं. टायर दोन्ही बाजूंनी तपासलं. बाहेरून काही नाही. आतून बोटं हळूहळू फिरवली तेव्हा अनामिकेला टोचलं. केसाएवढी पोलादी तार, आत दोन मिलिमीटर आलेली. जुन्या ट्रकच्या फाटलेल्या टायरमधून अशा तारा रस्त्यावर पडतात. पहिल्यांदा ट्यूब बदलताना मी घाईत आतून हात फिरवला नव्हता. नखांनी निघेना, शेवटी चेनच्या लिंक उघडायच्या बारीक पक्कडीने ओढून काढली. पस्तीस मिनिटं गेली.

एकशे साठला मोठा चढ होता, सहा किलोमीटरचा. तिथे माझ्यासोबत एक तरुण मुलगा होता, पाय माझ्यापेक्षा कितीतरी दमदार. उभा राहून, सायकल हलवत, अंग टाकून पेडल मारत होता, आणि दर पाचशे मीटरला थांबत होता. तिसऱ्यांदा तो माझ्याजवळ आला तेव्हा त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला. माझाच होता तो, तीन वर्षांपूर्वीचा.

"मागे सगळ्यांत मोठं किती दात्यांचं आहे रे?"

"माहीत नाही," तो म्हणाला.

मी थांबले. रस्त्याच्या कडेला दोघांनी मिळून मोजले. २५.

वर पोहोचेपर्यंत मी त्याला भागाकार सांगितला. चालत जायचं तिथे चाल, गुडघ्याशी भांडू नकोस, वेळ आहे आपल्याकडे, म्हणाले. माझं कार्ड शेवटच्या शिक्क्यापर्यंत संध्याकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी पोहोचलं, मुदतीच्या चाळीस मिनिटं आधी. तो दहा मिनिटांनी आला, सायकल टेकवली आणि आधी वाकून पुढच्या चेनरिंगचे दाते मोजायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी सायकल धुतली. चेनवर पट्टी धरली. चेनच्या दोन पिनांमध्ये अर्धा इंच अंतर असतं, म्हणून चोवीस अंतरं बरोबर बारा इंच भरली पाहिजेत. शेवटची पिन बारा इंचाच्या खुणेपुढे एक षोडशांश इंच गेलेली होती. चेन ताणली गेली असं आपण म्हणतो, खरं तर पिना आणि त्या ज्या भोकांत फिरतात ती भोकं झिजतात. अकरा गिअरच्या चेनला एवढी झीज म्हणजे बदलायची वेळ. ती तशीच ठेवली तर कॅसेटचे दाते खाते. नवी चेन टाकली आणि जुनीची एक लिंक डबीत ठेवली. ३००ची तारीख आली आहे. वीस तास म्हणजे शेवटचा तुकडा रात्रीचा, म्हणून आता दिव्यांचं बघते आहे.